आतेचं सात मिनिटांचं भाषण

१९ जानेवारी, सोमवार

आधीच सॉरी. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणार, आणि मी एका बोटाने टाइप करते, त्यामुळे एक पान व्हायला पाऊण तास लागतो. मराठी शाळा माझी तिसरीत सुटली, कारण बाबांना पुण्याहून इकडे जपानात, उरायासूला यायचं होतं. मग इथली शाळा. ती मी गेल्या जूनमध्ये सोडली. आता मी सतरा वर्षांची आहे. आईची अट अशी, की शाळा सोडलीस ना, मग रोज एक पान मराठीत लिही, मी वाचणार नाही. (आई, वाचत असलीस तर सोनपापडीचा डबा मीच संपवला.)

मी आठवड्यातून चार दिवस, सकाळी आठ ते एक, हॉटेलच्या चादरी धुतात त्या कारखान्यात जाते. चादरींची घडी मशीन घालतं. पण लग्नाच्या पार्ट्यांचे मोठे टेबलक्लॉथ मशीनमध्ये बसत नाहीत. ते दोघींनी मिळून हाताने करायचे. माझी जोडीदार लुझ-आते. ती फिलिपाइन्सची आहे, अठ्ठावन्न वर्षांची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पूर्ण नाव लुझविमिन्दा. लुझोन, विसायास, मिंदानाओ, असे देशाचे तीन तुकडे एका मुलीच्या नावात बसवलेत. जपानीत ल नाही, म्हणून कारखान्यात सगळे रुझु-सान म्हणतात.

आम्ही जपानीत बोलतो. ती भरभर आणि चुकीचं, मी बरोबर आणि जवळजवळ नाहीच. पण कापड झटकायला वर उचललं की मधे पांढरी भिंत होते, समोरचीचा चेहरा दिसत नाही. तेव्हा मला बोलता येतं. मग दोन पावलं पुढे, कोपऱ्याला कोपरा, हाताला हात लागला की मी परत गप्प.

२२ जानेवारी, गुरुवार

आज बत्तीस टेबलक्लॉथ. आते म्हणाली, "फेब्रुवारी जवळ आला की माझे पाय चालायला लागतात."

मी कापडाच्या मागून विचारलं, कुठे?

"एड्सावर. रस्ता आहे आमच्या मनिलातला. तुझ्या बाबांच्या ऑफिसपर्यंत जाईल एवढा लांब."

मग तिने सांगितलं. १९८६ साल, ती अठराची. कारखान्यात बाळांचे कपडे शिवायची. वीस वर्षं एकच माणूस राष्ट्राध्यक्ष होता, निवडणुकीत पण त्याने गडबड केली. सैन्यातले काही लोक फुटले, आणि रेडिओवर सांगितलं, लोकहो, रस्त्यावर या, ह्यांना वाचवा. लाखो माणसं आली. रणगाड्यांसमोर नन गुडघे टेकून बसल्या. चार दिवस कुणी घरी गेलं नाही. चौथ्या दिवशी तो राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरमधून पळाला.

"ओळख ना पाळख, लोक मला भात भरवत होते, मिता-चान. एका म्हातारीने तर अख्खी कोंबडी दिली. कुणाची होती देव जाणे." ती इतकी हसली की कापड हलायला लागलं.

मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या कोजागिरीबद्दल सांगते ना, तसंच ती त्या चार दिवसांबद्दल सांगते. म्हणजे तिथे दूध कमी आणि डास जास्त होते हे मला माहितीये, पण ते मी सांगत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

आज मोठं काहीतरी झालं, आणि मी "हाय" म्हणून बसले. इथे हाय म्हणजे हो.

आमच्या शहराच्या मैत्री मंडळातल्या मोरिता-सान आतेला भेटल्या. बावीस फेब्रुवारीला नागरिक केंद्राच्या हॉलमध्ये "शेजारच्या देशांच्या गोष्टी" असा कार्यक्रम आहे. त्या उठावाला चाळीस वर्षं होतायत, तर आतेने सात मिनिटं बोलायचं. आतेला जपानी लिहिता येत नाही, सोपी अक्षरं तेवढी वाचता येतात. ती म्हणाली, "तू लिही, मी वाचते."

जेवणाच्या सुट्टीत तिने खरं कारण सांगितलं. कापड नव्हतं मधे, त्यामुळे मी माझ्या डब्यातल्या थालीपीठाकडे बघत ऐकलं.

तिला एक मुलगी आहे. रोवेना, लाडाने वेंग. आता एकोणचाळीस वर्षांची. ती तीन वर्षांची असताना आते तिला आजीपाशी ठेवून जपानला आली, १९८९ साली, हॉटेलात नाचायच्या कामाला. तेव्हापासून इथेच. २०२२ साली तिकडे निवडणूक झाली, आणि त्या पळालेल्या माणसाचाच मुलगा निवडून आला. वेंगने त्यालाच मत दिलं. आते फोनवर चिडली. तेव्हा वेंग म्हणाली, "तू चार दिवस रस्त्यावर उभी राहिलीस आणि तिसऱ्या वर्षी मला टाकून गेलीस. तुमच्यामुळे सगळं सुधारलं असेल, तर तू गेलीस कशाला?"

आतेने फोन ठेवला. त्याला चार वर्षं होत आली. दोघी बोलत नाहीत.

आता आतेचे गुडघे गेलेत, मार्चअखेर तिचं इथलं काम संपतं. तिला कायमचं घरी जायचंय. घर मनिलाजवळ बुलाकानला आहे, तिनेच बांधलंय, पण तिच्या खोलीत वेंगने शिवणयंत्र ठेवलंय. आतेच्या बहिणीने मधे पडून विचारलं, तर वेंगचा निरोप आला: "भाषण मोबाईलवर दिसणार आहे ना? मावशी तिकडे काम करून आलीये, ती अर्थ सांगेल. काय बोलते ते ऐकते. मग खोलीचं बघू."

"मग तुम्ही काय सांगणार?" मी विचारलं.

"तेच तर," आते म्हणाली. "मला उत्तर आलं असतं तर मी फोन ठेवला असता का?" आणि माझं अर्धं थालीपीठ उचललं.

१ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मी बाबांना विचारलं, की लोक रस्त्यावर उतरून सरकार घालवतात, त्याने पुढे काही बरं होतं का? बाबा इतके खूश झाले की मला लाज वाटली. मी जेवताना प्रश्न विचारून वर्ष झालं असेल.

"अगं, आपले आजोबा!" बाबा म्हणाले. चंद्रशेखर आजोबा आणीबाणीत चौदा महिने येरवड्याच्या तुरुंगात होते, हे मला माहीत होतं. पण बाबा म्हणाले, "ते जेलबद्दल असं सांगायचे की जणू माथेरानला जाऊन आले. व्हॉलीबॉल काय, शेंगदाण्याची चिक्की काय, एकमेकांना संस्कृत शिकवणं काय. सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले."

"मग?"

"मग काय. ज्यांना निवडून आणलं ते अडीच वर्षांत आपापसात भांडून मोकळे झाले. आजोबा पुढे पेपरातलं राजकारण वाचायचेच नाहीत. डायरेक्ट शब्दकोडं. ते पण पेनने."

"म्हणजे वाया गेलं?"

बाबा ताकभात कालवत बसले. "हे त्यांना विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही."

आई म्हणाली, "पण कुणी घाबरून हळू बोललं की सासरे चिडायचे हं. स्वतः फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायचे, आमच्याकडे आज भाजी कुठली ते तिसऱ्या मजल्याला कळायचं. म्हणायचे, चौदा महिने कुजबुजलोय, आता नाही."

ओवी, माझी बहीण, सहा वर्षांची, कान झाकून म्हणाली, "उरुसाई!" म्हणजे किती आवाज करता. आई-बाबा दोघं हसले. बाबांचे डोळे ओले झाले होते, ते म्हणाले मिरची.

बाबांनी घरी बसून शिकायच्या शाळेचा फॉर्म लोणच्याच्या बरणीखाली ठेवलाय. बरेच दिवस आहे. त्याच्यावर तेलाचा गोल उमटलाय. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आतेला प्रश्न विचारले, वहीत लिहून नेले होते.

उठावानंतर घरी काय बदललं? "काही नाही. पाण्याला तीच रांग. आईची जमीन त्याच मालकाची, फक्त त्याने पिवळा शर्ट घातला." पिवळा म्हणजे जिंकलेल्यांचा रंग. कारखाना? "बंद पडला. मग दिवसातून आठ-आठ तास वीज जायची म्हणे, पण तोवर मी इथे." मग तुम्हाला राग नाही आला? आते म्हणाली, "कोपरा नीट धर."

मग बऱ्याच वेळाने, कापड वर असताना, तिने दान्तेचं सांगितलं. दान्ते तिचा भाऊ. उठावाच्या तीन वर्षं आधी त्याने संपाची पत्रकं वाटली म्हणून सैनिकांनी त्याला गल्लीतून उचलून नेलं. दोन महिन्यांनी परत आला तर एका कानाने ऐकू येत नव्हतं. आते त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायची.

हे मी भाषणात घातलं नाही. लहान मुलं पण येणार आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काही नाही. प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा दिवस होता, आई विसरली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मोरिता-सानना मसुदा दाखवला. त्या खूप गोड आहेत. म्हणाल्या, छान झालंय, पण शेवट जरा उजळ करूया का? आणि फुलाचं काही नाही का? मी फोटोत बघितलंय, लोक सैनिकांना फुलं देत होते, किती सुंदर.

मी म्हटलं हाय.

घरी येऊन मी दोन वाक्यं वाढवली. "मी एका सैनिकाला पिवळं फूल दिलं." आणि शेवटी, "त्यानंतर सगळ्यांचं आयुष्य चांगलं झालं."

मला वाटलं हे ऐकून वेंग पण खूश होईल. सगळं चांगलं झालं म्हटल्यावर भांडायला उरतंच काय?

२१ फेब्रुवारी, शनिवार

नवीन प्रिंट आतेला दिली. तिने न वाचताच पर्समध्ये ठेवली. तिच्या पार्लरवालीकडे वेळ होती. मी सांगणार होते, पण पार्लरवाली वाट बघत होती.

घरी येऊन बूट न काढता दारातच बसून राहिले. शाळेच्या सकाळी बसायचे तशीच.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

हॉलमध्ये साठेक माणसं. स्टेजवर लांब टेबल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ, मधे फुलदाणी. आई पहिल्या रांगेत मोबाईल धरून, कार्यक्रम मोबाईलवर दाखवायचं काम मंडळाने तिला दिलं होतं. बघणारे अकरा जण. त्यात एक नाव वेंग. आईने मला खूण केली.

आते केस कुरळे करून आली होती. वाचायला लागली. एकेक अक्षर, बोट ठेवून. रेडिओ, नन, कोंबडी. कोंबडीला लोक हसले. मग फुलाचं वाक्य आलं.

"मी एका सैनिकाला पिवळं फू..."

ती थांबली. परत पहिल्यापासून वाचलं, मनात. मग शेवटचं वाक्य पण वाचलं असणार, कारण तिचं बोट पानाच्या तळाशी गेलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं मी मरते.

"फूल नव्हतं," आते म्हणाली.

मोरिता-सान कडेला उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, रुझु-सान, सावकाश वाचा, काही घाई नाही. आतेने कागदाची घडी घातली. चार कोपरे जुळवून, आपण करतो तशी. मग फुलदाणी उचलून मोरिता-सानच्या हातात दिली, आणि टेबलक्लॉथ ओढून काढला.

"मिता-चान. दुसरी बाजू."

मी कशी उठले मला माहीत नाही. स्टेजवर गेले, कोपरे धरले. आम्ही कापड वर उचललं. लोक दिसेनासे झाले. म्हणजे ते होते, पण आम्ही दोघी कापडाच्या मागे होतो, शेजारी शेजारी, आणि समोर फक्त पांढरं.

"आता बोलते," आते म्हणाली, मोठ्याने, तिच्या त्या भरभर जपानीत. "मी फूल दिलं नाही. मला उलटी झाली. रणगाड्याच्या चाकाजवळ. मी तीन महिन्यांची गरोदर होते, घरी कुणाला माहीत नव्हतं. सैनिक खाली उतरला. मला वाटलं मारतोय. त्याने बाटली दिली. म्हणाला, पाणी पी, बाई, आणि घरी जा. मी म्हटलं, तू जा घरी. तर म्हणाला, मला पण जायचंय."

कुणीतरी हसलं, मग खूप जण.

"माझी मुलगी म्हणते, रस्त्यावर तू उभी राहिलीस. पण मी एकटी नव्हते. ती होती. तिच्यामुळेच मला पाणी मिळालं."

मी कापड धरलं होतं. माझे दंड दुखायला लागले पण मी खाली केलं नाही.

"चांगलं झालं का, असं विचारतात. माझ्या आईच्या घरी नाही झालं. पाणी तेच, मालक तोच. चांगलं झालं असतं तर मी मुलगी सोडून आले नसते. ती बरोबर बोलते." तिने कापड अजून वर घेतलं. "पण माझ्या भावाला गल्लीतून उचलून नेलं होतं. उठावानंतर आमच्या गल्लीतून कुणाला उचललं नाही. बरीच वर्षं. नंतर परत मोटरसायकलवर माणसं यायला लागली, गोळ्या घालून जायला लागली, ते वेगळं. पण मधे बरीच वर्षं नाही. माझी मुलगी त्या वर्षांत मोठी झाली. रस्त्यावर खेळली. वाटेल ते मोठ्याने बोलली. मला पण बोलली. मी फोन ठेवला, ती माझी चूक."

मग मला म्हणाली, "चल," आणि आम्ही लोकांसमोर घडी घातली. दोन पावलं पुढे, कोपऱ्याला कोपरा. हाताला हात लागला तेव्हा तिचा हात गार होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरिता-सान फुलदाणी घेऊन रडत होत्या, हात मोकळा नव्हता म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

घरी येताना मी आईला विचारलं, वेंग?

आई म्हणाली, "उलटीच्या वाक्याला ते नाव गेलं. परत नाही आलं."

नेटवर्क गेलं असेल. बुलाकानला नेटवर्क वाईट आहे असं आते नेहमी म्हणते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज त्यांच्या चार दिवसांतला शेवटचा दिवस, तो पळाला तो. आम्ही एकोणीस टेबलक्लॉथ केले.

मी कापडाच्या मागून सॉरी म्हटलं. आते म्हणाली, "फूल कुणाची कल्पना?"

"मोरिता-सानची. पण हाय मी म्हटलं."

"मी पण इथे छत्तीस वर्षं हाय म्हणतेय," आते म्हणाली. "सोपं आहे ना ते. तोंड उघडायला पण लागत नाही."

आतेने बहिणीला पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलंय, पण वेंगचं काही आलं नाही. आते दर दहा मिनिटांनी एप्रनच्या खिशावर हात ठेवते. मोबाईल तर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, खिशात नसतोच.

१ मार्च, रविवार

आज सकाळी आते आमच्या घरी आली. कधी येत नाही. धापा टाकत, लिफ्ट असून जिन्याने. आईने चहा टाकला.

वेंगचा फोटो आला होता. खोलीचा. शिवणयंत्र बाहेर पॅसेजमध्ये दिसत होतं, आत लोखंडी पलंग, त्यावर नुसती गादी. खाली लिहिलं होतं. आतेने वाचून दाखवलं, मग मला जपानीत सांगितलं, मी आईला मराठीत:

"सिंगल पलंग आहे. चादर तुझी तू आण. घडी घालायला मी येणार नाही. आणि मला उलटीचं आधी का नाही सांगितलंस?"

"रागावलीये का ग ती?" आईने मला विचारलं.

"रागावलीये," आते म्हणाली. तिला मराठी येत नाही, पण तिने बरोबर उत्तर दिलं. आणि परत पहिल्यापासून वाचलं. आमच्याकडे बसून अकरा वेळा वाचलं, मी मोजलं. मग आईकडून टेप घेऊन तिने ओवीचा पलंग मोजला, तिकडचा पण एवढाच असेल म्हणाली.

ती एकोणतीस मार्चला जाणार. एप्रिलपासून माझी जोडीदार कोण ते सुपरवायझर सांगतील. त्यांच्याशी पण मी कापड वर असतानाच बोलणार का, माहीत नाही. आते गेल्यावर मी बरणी उचलली आणि फॉर्मवर नाव लिहिलं. नुसतं नाव. बाकीचे रकाने खूप आहेत. पेन्सिल सापडली नाही म्हणून पेनने लिहिलं.

ओवीचा खालचा दात पडला. जपानी मुलं खालचा दात छपरावर फेकतात. आमच्याकडे छप्पर नाही म्हणून बाबांनी बाल्कनीतून सायकल स्टँडच्या पत्र्यावर फेकला, तर खालून वॉचमन काका ओरडले.